भुयारातील गाडी बाहेर कशी काढणार?

बी. कॉम., द्वितीय वर्ष

वर्गात घसाऱ्याचा पाठ चालू होता. सरांनी फळ्यावर नेहमीचे उदाहरण घातले : यंत्राची किंमत १ लाख रुपये, आयुष्य १० वर्षे, मोडीची किंमत १० हजार, तर स्थिर हप्ता पद्धतीने वार्षिक घसारा किती? "नऊ हजार" असे उत्तर साऱ्या वर्गाने एका सुरात दिले. मी मात्र उभा राहिलो आणि विचारले, "सर, मोडीची किंमत १० हजार हे ठीक, पण ते यंत्र कारखान्यातून बाहेर काढायलाच १२ हजार लागत असतील तर?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. खडू हातात फिरवत ते म्हणाले, "मग ते तिथेच राहील."

मित्रहो, "तिथेच राहील" हे दोन शब्द गेले कित्येक महिने माझ्या डोक्यातून जात नाहीत. मी हा प्रश्न उगीच विचारला नव्हता. त्यामागे आमच्या घरातली एक गोष्ट आहे. ती पुढे सांगेन. पण त्याआधी तुम्हाला एका आगगाडीची हकिगत सांगायची आहे. मी लंडन पाहिलेले नाही. बेळगावच्या पलीकडे माझी धाव पुण्यापर्यंतच. तरीही लंडनच्या पोटात धावणाऱ्या ह्या गाडीबद्दल जेवढे वाचायला मिळाले तेवढे मी वाचले, चित्रफिती पाहिल्या, आणि माझे एक मत बनले. ते योग्य की अयोग्य हे वाचकांनी ठरवावे.

ही गाडी माणसांची नव्हे, टपालाची. लंडनच्या रस्त्यांवरील गर्दीत टपालाच्या गाड्या अडकून पडत, म्हणून जमिनीखालून टपाल न्यावे असा विचार तेथील टपाल खात्याने केला. १९१३ साली त्यासाठी कायदा झाला. भुयारे खणून पुरी झाली ती १९१७ साली, ऐन पहिल्या महायुद्धात. तेव्हा रूळ घालायला ना पैसा होता ना माणसे. मग त्या रिकाम्या भुयारांत चित्रसंग्रहालयांतील मौल्यवान चित्रे बॉम्बच्या भीतीने नेऊन ठेवण्यात आली. पहिली गाडी टपाल घेऊन धावली ती १९२७ च्या डिसेंबरात, नाताळच्या पार्सलांच्या दिवसांत.

पॅडिंग्टनपासून व्हाइटचॅपलपर्यंत साडेदहा किलोमीटरांचा हा मार्ग. त्यावर आठ स्थानके. जमिनीखाली सुमारे २१ मीटर. रुळांतील अंतर अवघे दोन फूट, म्हणजे आपल्या नेरळ-माथेरानच्या छोट्या गाडीइतकेच. मुख्य भुयाराचा व्यास नऊ फूट. त्यात जाण्याचा आणि येण्याचा असे दोन रूळ शेजारी शेजारी. स्थानकाजवळ भुयार दोन भागांत फुटते आणि प्रत्येकाचा व्यास सात फूट उरतो. गाडीला चालक नाही, मदतनीस नाही. विजेवर आपोआप धावणारी गाडी. स्थानके मुद्दाम मुख्य भुयारापेक्षा थोडी उंचावर बांधलेली. त्यामुळे स्थानकाकडे येताना चढ लागून गाडीचा वेग आपोआप कमी होई आणि निघताना उतार लागून ती सहज वेग घेई. किती साधी युक्ती! उताराला पगार द्यावा लागत नाही. भरभराटीच्या काळात ही रेल्वे दिवसाचे २२ तास चाले आणि रोज ४० लाखांहून अधिक पत्रे वाहून नेई.

आता माझ्या विषयाकडे येतो. ह्या रेल्वेचा जमिनीवरच्या कोणत्याही रेल्वेशी रुळांचा संबंध नव्हता. जगातील बहुतेक भुयारी रेल्वे कुठेतरी डोके वर काढतात. उन्हात येतात, यार्डात जातात, नवा डबा आला तर रुळांवरूनच आत घेतात. हिला तसे तोंडच नाही. तिचा कारखाना माउंट प्लेझंट नावाच्या मोठ्या टपाल कार्यालयाखाली, म्हणजे तोही जमिनीच्या पोटात. भुयारातून थोडे चढून गाडी तेथवर येते, पण उजेडात येत नाही. तेव्हा जो डबा आत गेला तो वरून खाली उतरवलेला, आणि जो बाहेर आला तो खालून वर उचललेला. विहिरीत घागर सोडावी तसा सारा व्यवहार.

आणि हा व्यवहार एकदाच झाला असे नाही. १९२७ चे पहिले डबे चार चाकांचे, आखूड होते. त्यांनी रूळ इतके झिजवले की तीन-चार वर्षांत ते काढून १९३०-३१ च्या सुमारास लांब गाड्या आणाव्या लागल्या. त्या पन्नासएक वर्षे धावल्या. १९८० च्या सुमारास पुन्हा नव्या गाड्या आल्या. त्या बांधणारा लीड्सचा कारखाना मध्येच बुडाला आणि उरलेले काम दुसऱ्या कंपनीने पुरे केले. म्हणजे एकाच भुयाराने तीन पिढ्यांच्या गाड्या पाहिल्या. भुयार तेच राहिले, गाड्या बदलल्या. आणि त्या बदलता आल्या कारण वरची वाट उघडी होती.

ही अडचण एकट्या टपालगाडीचीच होती असे नाही. लंडनमध्येच वॉटर्लू ते बँक अशी एक छोटी भुयारी रेल्वे १८९८ पासून आहे. अडीच किलोमीटरांहून कमी लांबी, दोनच स्थानके, आणि सारा मार्ग जमिनीखाली. तिचे डबे आत-बाहेर नेण्यासाठी वॉटर्लू स्थानकाच्या बाजूला एक मोठी लिफ्ट होती. १३ एप्रिल १९४८ रोजी कोळशाच्या वाघिणी ढकलत असताना वाफेचे एक अख्खे इंजिन त्या लिफ्टच्या विहिरीत कोसळले. ते जसे पडले तसे वर काढणे शक्य नव्हते. शेवटी त्याचे जागीच तुकडे केले आणि तुकडे बाहेर काढले. पुढे त्या स्थानकात फ्रान्सकडे जाणाऱ्या गाड्यांसाठी नवी इमारत उभी राहायची होती, म्हणून ती लिफ्टही काढून टाकण्यात आली. पण वाट बुजवली नाही हे लक्षात घ्या! क्रेनने डबे उचलता येतील असे उघडे तोंड ठेवले. २००६ साली तेथील डबे दुरुस्तीसाठी बाहेर नेले ते असेच, एकेक उचलून. १९४० साली बनलेल्या तिच्या गाड्या १९९३ पर्यंत धावल्या. त्यांतला एक डबा आज लंडन ट्रान्सपोर्ट म्युझियमच्या संग्रहात आहे. तो तेथे आहे, कारण तो बाहेर येऊ शकला.

स्कॉटलंडमधील ग्लासगोची वर्तुळाकार भुयारी रेल्वे १८९६ ची. तिलाही कित्येक दशके कारखान्यापर्यंत रूळ नव्हते. गोव्हन येथे रुळांच्या वर एक मोकळी जागा ठेवली होती, तेथून क्रेनने डबा उचलायचा, कारखान्यात दुरुस्त करायचा आणि पुन्हा खाली सोडायचा. १९७७ साली ती रेल्वे नूतनीकरणासाठी बंद होईपर्यंत हेच चालले होते. ऐंशी वर्षे रोज धावणारी रेल्वे त्या एका भोकावर जगली असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

आपल्याकडेही हा प्रश्न आला नाही असे कोणी म्हणू नये. मुंबईच्या भुयारी मेट्रोसाठी कारशेड आरेत असावी की कांजूरमार्गला, यावर २०१९ ते २०२२ केवढे रण माजले! झाडांचा प्रश्न मोठा होता आणि त्यावर बोलण्याचा हा प्रसंग नव्हे. पण त्या वादाच्या मुळाशी एक साधी गोष्ट होती, ती पुष्कळांच्या ध्यानात आली नाही : भुयारात धावणाऱ्या गाडीलाही कुठेतरी वर यावे लागते, आणि ती जागा फुकट मिळत नाही. तिची पहिली गाडी २०२२ साली आंध्रातून आली तीसुद्धा रुळांवरून नव्हे, अनेक चाकांच्या ट्रेलरवर बसून, रस्त्याने.

आता पुन्हा टपालगाडीकडे येऊ. ३१ मे २००३ रोजी ती बंद पडली. टपाल कंपनीचे म्हणणे असे की, रस्त्याने टपाल नेण्यापेक्षा रेल्वेने नेणे पाचपट महाग पडते. कामगार संघटनेचे म्हणणे असे की, पाचपट नव्हे, तिप्पट. आणि तेही का? तर रेल्वेच्या क्षमतेच्या एकतृतीयांशच वापर होतो आहे म्हणून. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला यातली गोम लगेच कळावी. भुयार, रूळ, पंप, विजेची व्यवस्था हा सारा स्थिर खर्च. पत्रे ४० लाख असोत की ४० हजार, तो तेवढाच. पत्रे कमी झाली की प्रत्येक पत्रामागचा खर्च वाढणारच. मग पत्रे का कमी झाली? तर वरची टपाल कार्यालये एकेक करून दुसरीकडे गेली. आठ स्थानकांपैकी बरीच स्थानके त्यामुळे आधीच निकामी झाली होती. पूर्वी वरच्या कार्यालयातून घसरपट्ट्यांवरून आणि लिफ्टमधून पिशव्या खाली येत. वरचे कार्यालय गेले की ते तोंड बंद. म्हणजे ही रेल्वे भुयारात मेली नाही, ती तोंडाशी मेली. आधी वरची दारे एकेक मिटली आणि मग हिशेबनीसांनी खाली बघून सांगितले की, ही तोट्यात आहे!

त्यानंतर काय झाले? सरांच्याच शब्दांत, ती तिथेच राहिली. गाड्या, रूळ, यंत्रे यांतले बरेचसे जागच्या जागी पडून होते. मोडीत काढायचे तर एवढे लोखंड वर उचलण्याचा खर्च करावा लागला असता. मोजके अभियंते खाली जाऊन पाणी साचत नाही ना, भुयार ठीक आहे ना, हे पाहत राहिले. कोणी म्हणेल, छान झाले, रेल्वेचे जतन झाले. माझे मत नेमके येथे वेगळे आहे.

मला वाटते, "उरणे" आणि "राखणे" या दोन क्रियापदांत आपण गल्लत करतो. जी वस्तू बाहेर काढता येत नाही म्हणून आहे तेथे पडली आहे, ती उरलेली वस्तू. जी वस्तू बाहेर काढता येते, दुरुस्त करता येते, पुन्हा आत नेता येते आणि तरीही जी आपण जागेवर ठेवली आहे, ती राखलेली वस्तू. २००३ ते २०१७ ही चौदा वर्षे लंडनची टपाल-रेल्वे उरली होती. ४ सप्टेंबर २०१७ रोजी ती लोकांसाठी उघडली, तेव्हा ती राखली गेली.

त्या दिवशी नेमके काय सुरू झाले? माउंट प्लेझंटखालच्या कारखान्यात आता संग्रहालय आहे. तेथून साधारण एक किलोमीटरचा फेरा मारणारी, पंधराएक मिनिटांची सफर आहे. पण जुन्या गाड्या पत्रांच्या पिशव्यांसाठी होत्या. त्यांत माणूस बसवणे शक्य नव्हते. म्हणून दोन नव्या गाड्या बनवल्या. रुळांतील अंतर तेच दोन फूट, भुयार तेच, त्यामुळे बसणाऱ्याला अंग चोरून बसावे लागते. वर पारदर्शक छप्पर. जुन्या गाड्यांना मधल्या रुळातून वीज मिळे. नव्या गाड्या बॅटरीवर चालतात. आणि ह्या गाड्याही कशा आत गेल्या? इतर सगळ्या गेल्या तशाच, वरच्या वाटेने खाली. ती वाट नसती तर एवढे भुयार, एवढे रूळ असूनही त्यावर धावायला काही नसते.

यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्हींचा मला विचार करावासा वाटतो.

पहिला आक्षेप शुद्धतेचा. म्हणे नव्या गाड्या घालून कसले जतन? ही तर जत्रेतली गाडी झाली! जुनी गाडी जशी होती तशी ठेवावी, तिला हात लावू नये. मी म्हणतो, ह्या रेल्वेच्या स्वतःच्या आयुष्यात गाड्या दोनदा बदलल्या. १९३० साली कोणी शुद्धतावाद्याने "१९२७ च्याच गाड्या हव्यात" असा हट्ट धरला असता, तर रूळ झिजून ही रेल्वे दहा वर्षांत बंद पडली असती. आणि बॅटरीचे म्हणाल तर, वीज गेली की अडकलेली गाडी ओढून आणण्यासाठी १९२६ साली बनलेली बॅटरीची इंजिने तेथे सुरुवातीपासूनच होती. बॅटरी त्या भुयाराला परकी नाही. जुन्या गाड्यांचे म्हणाल तर त्यांना कोणी फेकून दिलेले नाही. काही तेथेच संग्रहालयात आहेत, काही वर येऊन दुसऱ्या संग्रहालयांत उभ्या आहेत. पाहायला जुनी आणि बसायला नवी, अशी ही वाटणी आहे. तीत मला तरी लबाडी दिसत नाही.

दुसरा आक्षेप उपयुक्ततेचा, आणि वाणिज्य शाखेचा म्हणून तो माझ्याच तोंडी शोभावा. टपाल जात नाही, मग एवढा खर्च कशाला? याला माझे उत्तर असे. भुयार खणण्याचा खर्च १९१७ सालीच होऊन गेला आहे. तो आता रडून परत येणार नाही. आता प्रश्न एवढाच की, असलेल्या भुयाराचे काय करायचे. बुजवायचे तरी खर्च, तसेच ठेवायचे तरी पंपांचा खर्च. मग त्या खर्चात थोडी भर घालून चार माणसांना आत जाता आले आणि त्यांनी तिकीट काढले, तर हा व्यवहार वेडेपणाचा कसा? वेडेपणा तेव्हा झाला असता, जेव्हा वरची सगळी जमीन विकून टाकताना खाली जाणारी वाटही कोणी विकून टाकली असती. माउंट प्लेझंटच्या आवारातील जमिनीचा मोठा भाग २०१७ मध्येच घरबांधणीसाठी विकला गेला. लंडनमधल्या जमिनीचा भाव काय असेल ते मी सांगायला नको. अशा ठिकाणी थोडी जागा दार म्हणून राखून ठेवणे, ही सर्वांत महाग आणि सर्वांत आवश्यक खरेदी. ताळेबंदात तिच्यासाठी वेगळी ओळ नसते, म्हणूनच ती सर्वांत आधी बळी जाते.

एक गोष्ट मात्र मी मान्य करतो. माणसे आत न्यायची म्हटल्यावर ती बाहेर काढण्याचीही सोय करावी लागते. पत्रांची पिशवी भुयारात तासभर अडकली तर ती तक्रार करत नाही, माणूस घाबरतो. म्हणून सबंध साडेदहा किलोमीटर उघडणे झाले नाही, एक किलोमीटरच उघडला. कोणाला हे अपुरे वाटेल. मला ते शहाणपणाचे वाटते. जेवढ्यातून सुखरूप बाहेर येता येईल तेवढेच उघडावे.

आता आमच्या घरातली गोष्ट.

आम्ही विणकर. आमच्या भागात एके काळी घरटी हातमाग होता. पहाटेपासून धोट्याचा खटखट आवाज सुरू होई आणि कुठल्या घरात कोण विणते आहे हे आवाजावरून ओळखता येई, असे अज्जा सांगतात. आमचा माग खोल्यात होता. जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून बसायचे आणि खालचे पावडे दाबायचे. अज्जांनी त्यावर चाळीस वर्षे लुगडी विणली. मग यंत्रमाग आले. अप्पांनी नोकरी धरली. माग तसाच राहिला. त्यावर आई पापड वाळत घालायची.

मी दहावीत असताना अप्पांनी घराची पुढची बाजू पाडून तेथे दुकानाचा गाळा काढला. भाडे येणार होते, त्याच भाड्यावर माझी फी आज भरली जाते. तेव्हा मी अप्पांना दोष देत नाही. पण गाळ्यासाठी पुढचे मोठे दार गेले. घरात जायला बाजूचा बोळ उरला, दीड हात रुंद, आणि मध्ये एक वळण. दोन वर्षांनी एका संस्थेचे लोक जुने माग बघत आमच्या घरी आले. त्यांना आमचा माग आवडला. सुटा करून नेऊ, जोडून ठेवू, लोकांना दाखवू म्हणाले. अज्जांचा चेहरा असा खुललेला मी त्याआधी पाहिला नव्हता. त्यांनी स्वतः एकेक खुंटी काढून दिली. सगळे सुटे झाले, फणी निघाली, चौकट निघाली; पण कापड गुंडाळायचे ते मोठे लांब लाकूड काही केल्या बोळाच्या वळणात वळेना. उभे करून पाहिले, तिरपे करून पाहिले. शेवटी अप्पा म्हणाले, "कापू या की. दोन तुकडे करून नेऊ दे."

करवत आणली. अज्जा आत जाऊन बसले. कापलेले लाकूड पाहून त्या लोकांनी नम्रपणे नकार दिला. माग मोडलेला आहे म्हणाले. आणि खरेच होते ते. मघाशी नव्हता, आता होता. त्या रात्री अज्जा मला एवढेच म्हणाले, "बाळा, आत न्यायला वाट होती. बाहेर न्यायला आपण ठेवली नाही."

वॉटर्लूच्या विहिरीत पडलेल्या इंजिनाची हकिगत वाचली तेव्हा मला ती करवत आठवली. तुकडे करून बाहेर काढलेली वस्तू बाहेर आली असे म्हणता येत नाही.

वाचक म्हणतील, कुठे लंडनची रेल्वे आणि कुठे तुझ्या घरातला माग! मान्य आहे. पण प्रश्न एकच आहे. आपण जुने राखण्याविषयी फार बोलतो. आमच्या महाविद्यालयात दर वर्षी त्यावर वक्तृत्व स्पर्धा होते. मराठीतून होते, कन्नडमधूनही होते, आणि दोन्हीकडची बक्षिसपात्र भाषणे जवळपास सारखीच असतात. "आपला वारसा", "आपला ठेवा", आणि शेवटी टाळ्या. पण वाट किती रुंद आहे, हे मोजायला कोणी टेप घेऊन जात नाही. कपाटात कुलूपबंद करून किल्ली हरवलेली पोथी, दाराला लागून भिंत बांधलेला वाडा, खोल्यात अडकलेला माग, या सगळ्या उरलेल्या वस्तू आहेत. आपण त्यांना राखलेल्या म्हणतो आणि स्वतःची समजूत घालतो.

राखायचे असेल तर पहिला खर्च वस्तूवर करू नये, वाटेवर करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. डब्याला रंग नंतर देता येतो, काच नंतर लावता येते, माहितीची पाटी तर सगळ्यात शेवटी. वाट एकदा बुजली की ती पुन्हा उघडायला दसपट पैसे लागतात, आणि बहुधा तेव्हा कोणी द्यायला तयार नसतो.

आमच्या गल्लीत आता एकच हातमाग चालू आहे, तो माझ्या चुलत काकांकडे. काकांचे वय झाले आहे. त्यांनाही पुढचा गाळा काढायचा आहे आणि काढू नका म्हणण्याचा मला काय अधिकार? मागच्या रविवारी मी टेप घेऊन त्यांच्याकडे गेलो. लांब लाकूड मोजले, दार मोजले, बोळ मोजला. गाळ्याच्या मागच्या भिंतीत दाराऐवजी सहा फुटी शटर बसवले आणि ते लाकडाच्या रेषेत ठेवले, तर माग कधीही सबंध बाहेर निघू शकतो. गाळ्याचे भाडे एक पैसाही कमी होत नाही. जास्तीचा खर्च काढून दाखवला. काकांनी कागद उलटसुलट करून पाहिला.

"आणि बाहेर काढायचाच नसला तर?" ते म्हणाले.

"मग नका काढू, काका. पण काढता आला पाहिजे."

त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. बांधकाम दिवाळीनंतर सुरू होणार आहे. ते काय ठरवतात ते मला ठाऊक नाही. अज्जांना मात्र मी तो कागद दाखवला. त्यांनी चष्मा लावून सगळी मापे वाचली आणि एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाले, "सहा नको. साडेसहा कर. धरणाऱ्याचा हात मध्ये येतो."